दालचिनीचे कच्चे बन आणि गव्हावर दळलेली ज्वारी

मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि कॉलेजातही निबंधाच्या तासाला मागच्या बाकावर बसणारा. पण बुलढाण्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. त्या मुलीलाही माझाच आजार निघाला. बाईने मला विचारले, "भाऊ, आता हिले खायाले काय देऊ?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आज थोडेफार देता येते. मात्र ते देताना मी घरात काय करून बसलो, तेही सांगावे लागेल. ते वगळून नुसती कृती लिहिली तर खोटे होईल.

मार

गेल्या वर्षी मी चिखलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सिद्धार्थ नावाच्या मित्राबरोबर खोली केली होती, जेवण मेसचे. सकाळी तीन पोळ्या, संध्याकाळी तीन पोळ्या. घरी अमडापूरकडे आम्ही भाकरी खाणारी माणसे. पोळी सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. त्यामुळे रोज पोळी मिळते याचे मला पहिले काही आठवडे कौतुकच वाटले.

मग माझे पोट मला मारू लागले. याला दुसरा शब्द मला सापडत नाही. जेवून तास-दोन तास झाले की कुणीतरी बुटाने बरगडीखाली लाथ घालावी, मी वाकलो की पाठीत दुसरी बसावी, असे. उलटीत अन्न संपले की हिरवे पाणी, ते संपले की कोरडे आचके. आचका असा यायचा की मान मागे फेकली जायची. एकदा मोरीत तसाच कोसळलो आणि तोंड नळावर आपटले. ओठ फाटला, एक दात हलला.

सिद्धार्थ दार ढकलून आत आला. "काऊन बे पऱ्या, कोणी मारलं तुले?"

"कोणी नाई."

"मंग रक्त कायचं? नाव सांग फक्त."

मी काही बोलायच्या आत तो कोपऱ्यातला क्रिकेटचा स्टंप उचलून जिना उतरलासुद्धा. खालच्या पानठेल्यावर जाऊन त्याने दोघा-तिघांना दम दिला आणि परत आला. "तिथं कोणीच नाई. पळाले साले." मी त्या अवस्थेतही हसलो, आणि हसल्याने फाटलेला ओठ आणखी फाटला.

सहा महिन्यांत माझे वजन छप्पन्नवरून एक्केचाळीसवर आले. घरी गेलो तर बाबांनी माझे डोळे पाहिले, थरथरणारे हात पाहिले, मी अंगणात ओकताना पाहिले, आणि सरळ कानाखाली मारली.

"पिऊन आला काय बे? याच्यासाठी धाडलं का तुले शिकाले?"

बाबा भाजीपाला पिकवतात. त्यांचे हात म्हणजे पाट्याचा दगड. मला दोन दिवस डाव्या कानाने ऐकू येत नव्हते. मी शपथ घेतली, माय मध्ये पडली, तरी त्यांना खरे वाटले नाही. त्यांनी पाहिलेली अशी माणसे दारूचीच होती. यात त्यांची चूक किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

निदानाचा दिवस

शेवटी मायच मला बुलढाण्याला घेऊन गेली. रक्त घेतले, ते बाहेर तपासायला पाठवले. घशातून नळी घातली तेव्हा मी नर्सच्या हाताला चावलो. मुद्दाम नाही; शरीर आपोआप लढले. ती बाई चांगली होती. हात झटकून म्हणाली, "दात मजबूत हायेत तुहे, वाचशील."

डॉक्टरांनी बाबांना बोलावून घेतले आणि सांगितले की दारू वगैरे काही नाही, याला सिलिअॅक नावाचा आजार आहे. गहू पोटात गेला की याचे शरीर स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडते. गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू बंद, जन्मभर. आतडी भरून येईपर्यंत दूधही बंद.

बाबा म्हणाले, "गव्हानं? साहेब, गव्हानं कोणी बिमार पडते काय? गहू तं जग खाते."

"जग खातं. हा नाही खाऊ शकत."

 परतताना बसमध्ये बाबांनी मला खिडकीची जागा दिली. माझ्या डाव्या कानाकडे एकदा पाहिले आणि तोंड फिरवले.

माय मात्र रडली. मला वाटले आजार जन्माचा म्हणून रडते. कारण वेगळे होते, पण ते मला फार उशिरा कळले.

पथ्य पाळूनही

आम्ही गहू बंद केला. निदान मला तसे वाटत होते. पोळी नाही, बिस्किट नाही, शेवया नाहीत, रवा नाही. माझे ताट वेगळे, तवा नवीन. मी ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण आणि भाजी, एवढेच खात होतो.

आणि तरी मार चालूच होता. आधी रोज होता, आता दिवसाआड. पण पथ्य पाळूनही मार बसला की माणूस आतून सैरभैर होतो. मी भिंतीवर डोके आपटून घ्यायचो, कारण बाहेरच्या दुखण्याने आतले क्षणभर मागे सरायचे. कपाळाला कायम टेंगूळ. एकदा उशी दातांनी फाडली. मार्चमधल्या परीक्षेचे दोन पेपर मी मध्येच सोडून उठलो.

बाबा म्हणाले, "डॉक्टर तरी खोटा, नाई तं पोट्टं तरी खोटं. कॉलेज उघडंस्तोवर बरा झाला तं जाय. नाई झाला तं नाव काढून आणतो. असा वाकून वाकून काय शिकशील?"

ते रागाने बोलले नव्हते, म्हणून मला जास्त भीती वाटली. बाबा शांतपणे बोलले की ते तसे करतात. माझ्याकडे एप्रिल, मे आणि जूनचे काही दिवस होते.

बन

अशातच सिद्धार्थने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. परदेशातली एक बाई स्वच्छ पांढऱ्या ओट्यावर दालचिनीचे बन करत होती. गहू नाही, दूध नाही, लोणी नाही, साखर नाही, आणि चूलही नाही. सगळे कच्चे. सोबत त्याचा संदेश: "हे खाय बे. नाई तं मर, पण फॅशनमदी मर."

मी व्हिडिओ सतरा वेळा पाहिला. तिच्याकडे बदाम होते, माझ्याकडे शेंगदाणे आणि तीळ. ती ओट्स घालत होती. डॉक्टरांनी मला ओट्स नको म्हटले होते, म्हणून मी घरची जवस घेतली. चिकटपणासाठी तिने कसलासा भुसा घातला. सिद्धार्थने शोधून सांगितले की ते आपले इसबगोल आहे. तिच्याकडे मंद आचेवर वाळवायचे यंत्र होते. आमच्याकडे टिनाचे छत होते आणि वैशाख येऊन राहिला होता.

शेंगदाणे आणि तीळ सात-आठ तास भिजवून मी चटणीच्या मिक्सरमध्ये वाटले. जवस न भाजता बारीक केली. त्यात किसलेले खोबरे, दोन चमचे इसबगोल, थोडे मीठ आणि लागेल तसे पाणी. गोळा दहा मिनिटे झाकून ठेवला की आवळून येतो. दुसरीकडे बिया काढलेला खजूर आणि दालचिनी खलबत्त्यात कुटली. आठ महिन्यांचा सगळा राग माझ्या हातात होता. खजूर कुटताना मी कुणाचे तरी डोके फोडत होतो. कुणाचे, ते माहीत नाही. खलबत्त्याखालची फरशी तडकली. बाहेरून मायचा आवाज आला, "घर पाडून राह्यला का रे?"

गोळा धुतलेल्या प्लॅस्टिकवर थापून त्यावर खजुराचे सारण पसरले आणि गुंडाळी केली. माय दारात उभी राहून पाहत होती.

"हे तं चमकुऱ्याच्या वडीवानी हाय." आमच्याकडे अळूला चमकुरा म्हणतात.

"बन आहे माय. दालचिनीचा."

"बन भट्टीत फुगते. हे फुगन का?"

"नाई फुगत."

"मंग बन कायचा तो?"

सुरीने कापले तर गुंडाळी चेपते, म्हणून दोरा खालून घालून, वर आणून, आवळून तुकडे पाडले. ते परातीत मांडून, वर धोतराचे पातळ फडके बांधून टिनावर ठेवले. दुपारी उलटवले. सूर्य कलला तेव्हा वरून पापुद्रा धरलेला, आतून मऊ, आणि सगळ्या अंगणात दालचिनीचा वास.

पहिला घास मी घाबरत खाल्ला. मग मोरीपाशी भिंतीला पाठ लावून बसलो आणि माराची वाट पाहिली. एक तास, दोन तास. माय दळणाचा डबा हातात घेऊन समोर उभी.

मार आला नाही.

पुढचे तीन आठवडे मी भाकरीच्या जागी बन खाल्ले, सोबत घरचा भात, मुगाचे वरण आणि उकडलेली भाजी. दिवसातून दोन बन, वर भरपूर पाणी, नाहीतर इसबगोल पोटात दगडासारखे बसते. तीन आठवड्यांत मी एकदाही ओकलो नाही. बन म्हणजे औषध असे मी म्हणत नाही. नंतर डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, खा, पण यावरच जगू नकोस. माझे वजन दोन किलोने वाढले, एवढेच मी सांगू शकतो.

भाकरी

माझे बरे होणे मायला सोसत नव्हते, असे वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो. पण तसे दिसत होते. तिची भाकरी ताटात तशीच राहायची आणि ती ताट उचलताना भांडी आपटायची. "मायची भाकर नको, मोबाईलवरच्या बाईचा लाडू पाहिजे," असे ती म्हशीला सांगायची, मला ऐकू येईल अशा बेताने.

एका दुपारी बाबांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्यासमोर धरला. "खाय. ज्वारीची हाय. तुही माय तीन हप्ते झाले धड जेवली नाई."

मी खाल्ली. दीड भाकरी खाल्ली. मायचा चेहरा उजळला, हे मी पाहिले.

तो मार आयुष्यातला सर्वात वाईट होता. पाय आखडले, पाठ कमानीसारखी वर उचलली गेली, तोंडातून फेस आला. मी जमिनीवर हातपाय झाडत होतो आणि बाबा माझ्या छातीवर गुडघा देऊन मला दाबून धरत होते, कारण मी चुलीकडे सरकत होतो. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून मला बुलढाण्याला नेले. रस्त्यात मी बाबांच्या मनगटाचा चावा घेतला. तो वण अजून आहे.

सलाईन लागल्यावर डॉक्टरांनी विचारले, "काय खाल्लं होतं?"

"ज्वारीची भाकरी."

"दळण घरी की गिरणीत?"

"गिरणीत."

"त्या जात्यावर आधी काय दळलं होतं?"

मला ते ठाऊक नव्हते; दळण माय आणायची.  

गिरणी

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी ज्वारीचा डबा सायकलला बांधून सुपडाभाऊंच्या गिरणीत गेलो. आमच्याकडे दळण टाकताना विचारतात, कशावर टाकू? म्हणजे जात्यात आधी काय दळले गेले आहे. गव्हावर टाकलेल्या ज्वारीत सुरुवातीचे थोडे गव्हाचे पीठ येतेच. म्हणून बाया ज्वारी ज्वारीवरच टाकतात, त्यासाठी थांबतात, रांगेवरून भांडतात.

मी विचारले, "भाऊ, आमची ज्वारी कशावर दळता?"

सुपडाभाऊ पट्ट्याच्या आवाजावर ओरडून म्हणाले, "गव्हावर! तुह्या मायनं सांगून ठेवलं ना. बाकीच्या बाया ज्वारीवर टाका म्हणते, थे म्हणते पोट्ट्याची ज्वारी गव्हावरच टाक. गव्हाचं दळण नसलं तं बसून राह्यते बिचारी."

दळण न टाकता मी डबा परत आणला. गिरणी ते घर हा रस्ता कसा संपला ते मला आठवत नाही. माय अंगणात शेंगा फोडत होती. मी विचारले, "गव्हावर दळून आणते?"

तिने नाही म्हटले नाही. "थोडंसं तं असते रे. चिमूटभर. तुह्या आंगात ताकद नाई..."

मी डबा उचलून तिच्यावर फेकला.

भरलेला डबा, सात-आठ किलोचा. त्याची कड तिच्या कपाळावर बसली. हाडावर पत्रा आपटल्याचा आवाज झाला. ज्वारी अंगणभर उधळली आणि तिच्या कपाळातून रक्त असे उसळले की दोन्ही डोळे दिसेनासे झाले. ती हाताने चाचपडत ज्वारी गोळा करू लागली. आणि मी? मी अजून थांबलो नव्हतो. शेंगांची टोपली लाथेने उडवली. ओरडत होतो, "तू मारून राह्यली मले! दोन महिने तू मारून राह्यली!"

बाबा गुरांच्या वाड्यातून धावत आले. त्यांनी म्हशीचा कासरा उचलला आणि मला झोडपायला सुरुवात केली. पाठ, मांड्या, हात. मी एकही वार चुकवला नाही. चौथ्या की पाचव्या फटक्याला मधे माय आली. कासरा तिच्या खांद्यावर बसला.

"मारू नोका त्याले," ती म्हणाली. "तो खरं बोलून राह्यला."

बाबांच्या हातातून कासरा गळाला.

मायचा गहू

तिला पाच टाके पडले. दवाखान्यात तिने सांगितले, पायरीवरून पडली. डॉक्टरांनी माझ्या हातावरचे वळ पाहिले, तिचे कपाळ पाहिले, आणि पायरीवरून पडली असेच लिहून घेतले.

दोन दिवसांनी ती स्वतःच बोलली. तिच्या माहेरी वर्षभर ज्वारीच. गहू पाहुण्याचा, नाहीतर आजाऱ्याचा. ती लहानपणी तापाने निपचित पडली होती, तेव्हा तिच्या मायने कुणाकडून तरी ओंजळभर गहू मागून आणला, खीर केली, आणि ती उठून बसली. "डॉक्टरनं गहू बंद म्हटलं तवा मले वाटलं, आता माह्या पोराले उठवू कशानं? तुही भाकर गव्हावर दळली की मले वाटे, थोडी तरी ताकद गेली पोटात."

मी म्हणालो, "माय, मी तुले मारलं."

"हाव," ती म्हणाली. "अन् म्या तुले." मग ती शेंगा फोडू लागली. मी शेजारी बसून शेंगा फोडल्या. माफ केले की नाही, असे आमच्याकडे विचारत नाहीत. मलाही विचारता आले नाही.

त्याच आठवड्यात बाबा आत्याकडून जुने जाते घेऊन आले. पाथरवटाला बोलावून दोन्ही दगडांना नव्याने टाकी मारून घेतली, जुन्या पिठाचा कण राहू नये म्हणून. धुतले, उन्हात ठेवले. पहिली ज्वारी त्यांनी स्वतः दळली. पुरुषाने जात्यावर बसलेले पाहून शेजारच्या बाया हसत होत्या. बाबा मान वर न करता म्हणाले, "हसा. मले जमते."

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना एवढेच सांगतो: ताट-तवा वेगळा केला तरी पुरत नाही. दळण कुठून येते आणि कशावर येते, ते स्वतः जाऊन विचारा. आणि घरात तुम्हाला जीव लावणारे जे कोणी आहे, त्याला आजार नीट समजला आहे का, हे आधी विचारा. मी विचारले नव्हते. मी एकटाच बरा व्हायला निघालो होतो.

स्टँड

कॉलेज उघडले तेव्हा माझे वजन अठ्ठेचाळीस होते. बाबा नाव काढण्याबद्दल काही बोलले नाहीत. सकाळी माझी पेटी उचलून त्यांनी स्टँडवर नेऊन ठेवली आणि शेताकडे वळले. माय गाडी लागेपर्यंत थांबली. तिने जाते फिरवून काढलेले पीठ आणि एक डबा बन दिले होते. बन तिने केले होते, चांगले मुठीएवढे मोठे.

आमच्या गल्लीतल्या शांताकाकू भाजीची पाटी घेऊन तिथेच बसल्या होत्या. त्यांनी मायच्या कपाळाकडे निरखून पाहिले. "काय वं, पायरीवरून पडली म्हणते. पायरीवरून पडलं तं गुडघा फुटते. कपाळ कसं फुटलं?"

"म्हशीनं शिंग मारलं," माय म्हणाली.

"आता म्हैस? काल तं पायरी होती."

 बस समोर लागत होती, लोक दाराकडे पळत होते. मी गप्प राहिलो असतो तर काहीच झाले नसते.

"काकू, म्या मारलं," मी म्हणालो. "डबा फेकला, ज्वारीचा."

शांताकाकूंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.  मला वाटले, आता माय मला गप्प करेल, नाहीतर रडेल. तिने पदर मागे सारला. टाक्यांचा वण उन्हात उघडा पडला.

"हाव, यानंच मारलं," ती म्हणाली. "अन् आता कॉलेजले चालला."

मग ती पेटी उचलून माझ्या आधी बसमध्ये चढली, जागा धरायला.